पितळ उघडं पडतं तेव्हा

जुन्या फिल्म कॅमेऱ्याला नव्याने रंग देऊन घेणं हा आता जगभर चांगला रुळलेला धंदा आहे. जपानमध्ये, युरोपात, अमेरिकेत हे काम करणारे कारागीर आहेत आणि त्यांतल्या नावाजलेल्यांकडे नंबर लावून थांबावं लागतं. गिऱ्हाईक आपला पन्नास-साठ वर्षांचा लायका, निकॉन किंवा पेंटॅक्स त्यांच्या हवाली करतं आणि काही महिन्यांनी तो नवाकोरा होऊन परत येतो. बहुतेकांना हवा असतो तो काळा. साधा काळा नव्हे. पितळेवर चढवलेला, भट्टीत भाजलेला, तकतकीत काळा, आणि तोही असा की थोड्याच वापरात कोपरे झिजून खालचं पितळ दिसू लागावं. थोडे लोक वेगळं मागतात: लाल, मोरपंखी, हळदी पिवळा. या दुसऱ्या लोकांकडे जुन्या कॅमेऱ्यांचे जाणकार जरा नाक मुरडूनच पाहतात. चांगल्या यंत्राचं खेळणं केलं, असं म्हणतात. काळा म्हणजे परंपरेचा मान आणि लाल म्हणजे थिल्लरपणा, हे या छंदात जवळजवळ गृहीतच धरलेलं आहे. मला ते साफ उलटं वाटतं. कारखान्याने कधीच न दिलेला रंग देणं हे सरळ काम आहे. कारखान्याने मोजक्याच कॅमेऱ्यांना दिलेला रंग हजारो कॅमेऱ्यांवर हुबेहूब उठवणं हे काम, करणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी, खोटेपणाला वाट करून देतं.

आधी या काळ्या रंगाला इतकं महत्त्व आलं कसं ते पाहायला हवं. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत मेळ्यात वेट्झलारच्या लाइट्स कंपनीने ओस्कार बार्नाकने घडवलेला लायका लोकांपुढे आणला. तेव्हा तो काळाच होता: पितळेवर काळं इनॅमल आणि निकेलचा मुलामा दिलेल्या कळा-नॉब. त्या काळात काळा हा यंत्राचा नेहमीचा रंग होता, त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. १९३३ च्या सुमारास लायकावर क्रोम आलं आणि चित्र पालटलं. क्रोम कठीण, न गंजणारं, न झिजणारं आणि आधुनिक. लाइट्स कंपनी जुना कॅमेरा परत घेऊन त्यात नव्या मॉडेलच्या सोयी बसवून देत असे. कितीतरी मालकांनी आपले काळे लायका वेट्झलारला पाठवले आणि रेंजफाइंडर बसवून, क्रोम चढवून परत घेतले. आज ज्या झिजलेल्या काळ्या रंगासाठी लोक जीव टाकतात, तोच रंग तेव्हा लोक पैसे मोजून उतरवून घेत होते. १९५४ साली आलेला एम-३ हा लायकाचा सर्वांत गाजलेला कॅमेरा. तो सव्वादोन लाखांच्या आसपास निघाला आणि त्यातले जवळजवळ सगळे क्रोमचे होते. काळे निघाले ते थोडेच, मुख्यतः वृत्तछायाचित्रकारांच्या मागणीवरून. पुढे १९७० च्या दशकात काळ्या रंगाची जागा काळ्या क्रोमने घेतली, कारण ते टिकाऊ होतं. म्हणजे काळा रंग दुर्मीळ झाला तो दोन कारणांनी: एक तर तो कमी कॅमेऱ्यांना दिला गेला, आणि दुसरं, तो टिकत नसे. आजची त्याची किंमत या दोन गोष्टींतून आलेली आहे. रंगाच्या अंगी कुठलाही मोठेपणा नाही.

यावर पहिला आक्षेप उपयोगाचा येतो. काळा कॅमेरा नजरेत भरत नाही, चमकत नाही, रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला तो सोयीचा पडतो, असं सांगितलं जातं. सोय खरी आहे. पण त्या सोयीचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हेच दाखवतं की तिच्यासाठी रंग लागत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या क्रोमच्या लायकाच्या चमकणाऱ्या भागांवर काळी चिकटपट्टी लावत असे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची भेट घेऊन बाहेर पडलेला आणि त्यानंतर थोड्याच वेळात हत्येची बातमी ऐकून परत धावलेला हाच तो छायाचित्रकार. अंत्ययात्रेची त्याची चित्रं जगाने पाहिली. ज्याचं सगळं कामच लोकांच्या लक्षात न येण्यावर उभं होतं, त्याचं चिकटपट्टीवर भागलं. ती स्वस्त होती, हवी तेव्हा निघत होती आणि खालचा कॅमेरा जसाच्या तसा राहत होता. उपयोगच पाहायचा असेल तर आजही हा उपाय हाताशी आहे. पाच-सहा महिने थांबून, कॅमेऱ्याच्या निम्म्या किमतीइतका खर्च करून जो काळा रंग चढवला जातो तो उपयोगासाठी नसतो, दिसण्यासाठी असतो. त्यात गैर काहीच नाही, फक्त ते तसं म्हणायला हवं.

हे काम किती अवघड आहे हे मात्र समजून घेतलं पाहिजे, नाहीतर कारागिरांवर अन्याय होईल. आधी कॅमेऱ्याचा वरचा भाग उतरवायचा. शटरची चकती, फिल्म पुढे नेणारा लिव्हर, रिवाइंडचा नॉब, फ्लॅश बसवायची खाच, व्ह्यूफाइंडरच्या काचा, पट्ट्याच्या कड्या, सगळं सुटं करायचं. साठ वर्षांपूर्वी कसलेले बारीक स्क्रू सुटता सुटत नाहीत. पेचकस जरा घसरला की स्क्रूची खाच फाटते, आणि फाटलेली खाच जन्मभर बोलत राहते. मग उरतं ते पितळेचं पातळ, पोकळ टोपण. त्यावरचं क्रोम काढल्याशिवाय रंग धरत नाही, कारण क्रोमच्या गुळगुळीत थराला रंग चिकटतच नाही. क्रोम मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, भराभर विरघळतं. दुसरी रीत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात विजेचा प्रवाह उलटा सोडण्याची. या दुसऱ्या रीतीत जे क्रोमियम पाण्यात उतरतं ते कर्करोगाला कारण होणाऱ्या जातीचं असतं. घरच्या मोरीत हे प्रयोग करणाऱ्यांनी ते वाचूनच पुढे जावं, किंवा खरं तर जाऊच नये. क्रोमखाली बहुधा निकेलचा थर असतो. तो तसाच ठेवला तर पुढे रंग झिजल्यावर पिवळं पितळ न दिसता पांढरट निकेल दिसतं. म्हणून हौशी गिऱ्हाईक निकेलही घासून काढायला लावतं, आणि इथेच कॅमेऱ्याची खरी कसोटी लागते.

कारण त्या टोपणावर अक्षरं कोरलेली असतात. एम-३ च्या माथ्यावर वळणदार अक्षरांत 'लायका', त्याशेजारी जर्मन पेटंटची तीन अक्षरं, कंपनीचं नाव, गाव, देश, आणि कॅमेऱ्याचा क्रमांक. ही अक्षरं छापलेली नाहीत, धातूत खोल कोरलेली आहेत आणि त्यांच्या कडा धारदार आहेत. पॉलिश पेपरचा एक हात जास्त फिरला की कडा बोथट होते. अशी बोथट झालेली कडा रंगाखाली लपत नाही, उलट चकाकत्या काळ्यावर आणखी उठून दिसते. मग प्रायमर, मग स्प्रे गनने रंगाचे पातळ हात, प्रत्येक हातानंतर वाळवणं आणि भट्टीत भाजणं. रंग जाड बसला तर अक्षरं बुजतात, पातळ बसला तर कडेला पितळ डोकावतं. शेवटी अक्षरांत पांढरा रंग भरायचा. तो सढळ हाताने फासून, थिनरने किंचित ओलसर केलेल्या कडक कागदाने आडवा पुसून घेतात. कागद कोरलेल्या रेषेच्या तिरप्या दिशेने न्यायचा, रेषेच्या दिशेने नेला तर खाचेतला रंगही ओढला जातो. फ्लॅशसाठी असलेली विजेची बारीक खूण लाल रंगाने वेगळी भरायची. चांगल्या हातचं काम भिंगाखाली धरलं तरी रेषेबाहेर पांढऱ्याचा ठिपका दिसत नाही. या कसबाला कुणी कमी लेखू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की हे कसब जितकं पक्कं, तितका पुढचा प्रश्न गंभीर होतो. वाईट रंगकाम कुणालाच फसवत नाही.

प्रत्येक कॅमेरा या कामाला तयार होतो असंही नाही. १९८४ साली आलेल्या लायका एम-६ चं टोपण पितळेचं नव्हतं, जस्ताच्या ओतकामाचं होतं. त्यावरचा रंग झिजला की खाली करडा धातू दिसतो, आणि मुलाम्याला इजा झाली तर फोड येतात. कॅनन एई-१ हा १९७६ पासून लाखांनी खपलेला कॅमेरा. त्याचं वरचं टोपण धातूचं वाटतं, पण आहे प्लास्टिकचं. रंग काढणाऱ्या रसायनात ते मऊ पडेल आणि भट्टीत वाकेल. २०२२ साली लायकाने एम-६ पुन्हा बाजारात आणला तेव्हा टोपण मुद्दाम अख्ख्या पितळेतून कोरून काढलं, आणि त्याच वर्षीच्या काळ्या डिजिटल एम-११ चं टोपण मात्र वजन कमी ठेवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचं केलं. धातू बदलत गेला ते खर्च, वजन आणि टिकाऊपणा यांच्या हिशेबाने. ज्या कॅमेऱ्यात पितळच नाही त्याच्याकडून झिजल्यावर पितळ दाखवण्याची अपेक्षा करणं म्हणजे त्याला दुसऱ्याचा जन्म जगायला लावणं.

मुळात हे पितळ दिसण्याचं एवढं वेड का? कारण झीज म्हणजे काम, अशी आपली समजूत आहे. युद्धात, दंगलीत, दुष्काळात फिरलेल्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या असतात. पट्ट्याची कडी सतत जिथे घासते ती जागा, लिव्हर ओढताना अंगठा टेकतो ती जागा, पिशवीतून काढता-घालताना खरचटणारे तळाचे कोपरे, अशा ठरावीक ठिकाणी रंग जातो. ही झीज म्हणजे त्या माणसाच्या कामाची नोंद असते आणि म्हणूनच ती सुंदर दिसते. पण एकदा सुंदर दिसते म्हटल्यावर बाजार ती विकायला काढणारच. २०१५ साली लायकाने संगीतकार लेनी क्रॅव्हिट्झ याच्या कल्पनेतून एम-पीची १२५ संचांची खास आवृत्ती काढली. कारखान्यातच हाताने रंग घासून, पितळ काढून, नवा कॅमेरा जुना करून विकला. २०२१ मध्ये एम-१० आर या डिजिटल कॅमेऱ्याची दोन हजार नगांची काळ्या रंगाची आवृत्ती आली, आणि वापरागणिक हा रंग झिजून कॅमेऱ्याला स्वतःचं रूप येईल हे तिचं आकर्षण होतं. कंपनीने उघडपणे, आवृत्तीचं नाव सांगून हे केलं म्हणून त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पण या गोष्टींनी रंगकाम करणाऱ्यांच्या गिऱ्हाइकाची चव घडवली. आता जुन्या कॅमेऱ्यासाठीही लवकर झिजेल असाच रंग मागितला जातो, कडांवर हात हलका ठेवायला सांगितलं जातं. न केलेल्या कामाच्या खुणा आगाऊ मागवून घेणं हे मला पटत नाही. ज्यांनी त्या खुणा खरोखर कमावल्या, त्यांच्या कॅमेऱ्यांची साक्ष यामुळे स्वस्त होते. चार पिवळ्या कडा कुणीही विकत घेऊ शकत असेल, तर पुढे कुठल्याच पिवळ्या कडेवर विश्वास ठेवता येणार नाही.

आणि विश्वासाचा प्रश्न इथे पैशाचाही आहे. लायकाच्या पहिल्या प्रायोगिक मालिकेतला, बार्नाकने स्वतः वापरलेला १०५ क्रमांकाचा कॅमेरा जून २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात एक कोटी ४४ लाख युरोंना गेला. हे टोक झालं, पण क्रोमच्या एम-३ आणि कारखान्यातून काळ्या निघालेल्या एम-३ यांच्या किमतींतही कित्येक पटींचं अंतर असतं. आतलं यंत्र तेच, फोटो तेच निघतात. फरक फक्त रंगाचा, म्हणजे रंगाच्या खरेपणाचा. कॅमेरा कोणत्या रंगात कारखान्यातून बाहेर पडला हे क्रमांकावरून आणि कंपनीच्या जुन्या वह्यांवरून पडताळता येतं हे खरं. पण म्हणूनच लबाड माणूस क्रमांकही नव्याने कोरतो. आज एखाद्या सज्जन माणसाने हौसेने एम-३ काळा करून घेतला, उद्या तो वारला, परवा तो कॅमेरा त्याच्या घरच्यांनी विकला. चौथ्या हातात जाईपर्यंत 'नव्याने रंगवलेला' हे शब्द गळून पडतात आणि कॅमेरा 'मूळ काळा' होतो. यात पहिल्या माणसाने खोटं काहीच सांगितलेलं नाही. त्याने फक्त खोट्याला लागणारी सामग्री तयार करून ठेवली. लाल कॅमेऱ्याच्या बाबतीत ही भीतीच नाही. तो कितव्याही हातात गेला तरी कारखान्याने लाल एम-३ काढला नव्हता हे कुणीही सांगेल. त्याचा रंगच त्याची हकिगत सांगतो.

फसवणुकीत केवळ घेणाऱ्याचं नुकसान होतं असं समजू नये. १९३० च्या आसपास लाइट्सने सोन्याचा मुलामा आणि सरड्याच्या कातड्याचं वेष्टण असलेला लायका काढला होता, शंभराच्या आतच नग. आज जगभरच्या जुन्या बाजारांत सोनेरी लायका त्याहून कितीतरी जास्त दिसतात. नाझी हवाई दलाच्या आणि नौदलाच्या खुणा कोरलेलेही दिसतात. त्यातले बहुतेक मुळात सोव्हिएत: खारकिवचे फेड आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचे झॉर्की. हे दोन्ही लायकाच्या नमुन्यावरच बनलेले, त्यामुळे नाव घासून नवं कोरलं, रंग किंवा मुलामा चढवला की काम झालं. जाणकार लेन्स काढून आत पाहतो: अस्सल लायकात लेन्सला टेकणाऱ्या रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला फिरणारं गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात तिथे पाचरीसारखा घन तुकडा असतो. पण मला त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. फेड हा कॅमेरा १९३४ पासून खारकिवच्या ज्या वसाहतीत बनू लागला ती रशियन यादवीनंतर बेघर, अनाथ झालेल्या मुलांसाठी होती. शिक्षणतज्ज्ञ अन्तोन माकारेन्को यांनी ती उभारली होती. त्या मुलांनी अवघ्या दोन-एक वर्षांपूर्वीच्या जर्मन यंत्राचे भाग सोडवून, मापून, तसाच कॅमेरा बनवून दाखवला. इतकी विलक्षण हकिगत असलेल्या वस्तूवरून तिचं नाव घासून टाकायचं आणि तिला खोटा जर्मन कॅमेरा करायचं, हा त्या मुलांच्या हातांचा अपमान आहे. रंग चढतो तेव्हा खाली काय झाकलं जातं याचा विचार म्हणून आधी करायचा.

हा प्रश्न आपल्यापासून लांब आहे असं मानायचं कारण नाही. जुन्या मनगटी घड्याळांच्या जगभरच्या संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' हे नाव ठाऊक आहे, आणि ते कौतुकाचं नाही. जुन्या एचएमटी, सेइको, फाव्र-लुबा घड्याळांच्या झिजलेल्या तबकड्या पुन्हा रंगवून, भडक रंग आणि नवे छाप देऊन, भलतेच सुटे भाग जोडून ती घड्याळं मुंबईतून परदेशांत विकली गेली, म्हणून हे नाव पडलं. तबकड्या रंगवणाऱ्यांचा हात वाईट होता असं नाही. पुष्कळांचा फार चांगला होता, आणि चालू घड्याळ स्वस्तात लोकांच्या मनगटावर आलं हेही वाईट झालं नाही. चूक झाली ती नंतर, रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकली गेली तेव्हा. 'तबकडी मुंबईत नव्याने रंगवली' एवढी एक ओळ प्रत्येक घड्याळाबरोबर गेली असती, तर आज या शहराचं नाव एका कसबासाठी घेतलं गेलं असतं. फोर्टातल्या बोरा बाजारात आजही जुने कॅमेरे विकले आणि दुरुस्त केले जातात. आयातीवर निर्बंध होते त्या काळात तीन कॅमेऱ्यांतून एक चालता कॅमेरा उभा करण्याची विद्या तिथे वाढली. फिल्मकडे तरुण पुन्हा वळत असताना रंगकामही तिथे वाढू शकेल. ते कोणत्या नावाने ओळखलं जावं हे आत्ताच ठरवायची वेळ आहे.

आता उरलेल्या आक्षेपांकडे वळतो. एक असा की कारखान्यानेच जुने कॅमेरे बदलून दिले, मग 'मूळ' म्हणजे कुठलं? १९२८ चा काळा लायका १९३५ साली वेट्झलारला जाऊन क्रोमचा झाला असेल तर त्याचं मूळ रूप कोणतं धरायचं? प्रश्न रास्त आहे आणि मी मूळ रूपाचा भक्त नाही. वस्तूचं आयुष्य म्हणजे तिच्यात झालेले बदलच. पण त्या बदलांत सहसा जुना क्रमांक तसाच ठेवला जाई, आणि म्हणून आजही जाणकार क्रमांक पाहून सांगतो की हा कॅमेरा जन्मला कधी आणि बदलला कधी. बदल वाचता येतो तोवर तक्रार नाही. व्हिएन्नाच्या आलोइस रीगलने १९०३ सालीच स्मारकांविषयी लिहिताना ऐतिहासिक मोल आणि जुनेपणाचं मोल या दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. इटलीच्या चेझारे ब्रांदीने १९६३ च्या आपल्या ग्रंथात पुढचा नियम दिला: दुरुस्ती लांबून एकजीव दिसावी, पण जवळ गेल्यावर ती दुरुस्ती आहे हे ओळखता यावं, आणि ती खोटी ठरू नये. कलाकृतींसाठी केलेला हा विचार कॅमेऱ्याला चपखल लागू पडतो. दुसरा आक्षेप मालकीचा: माझा कॅमेरा, माझे पैसे, तुम्ही कोण? कायद्याने कुणीच नाही. पण एम-३ सारखं यंत्र माणसापेक्षा जास्त जगतं. आपण त्याचे तिसरे-चौथे मालक असतो आणि शेवटचे नसतो. पाचव्या मालकाला खरं कळावं एवढं देणं आपल्याकडे लागतंच.

तिसरा आक्षेप अभिरुचीचा, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो: रंगीत कॅमेरा बाजारू दिसतो. ज्यांना असं वाटतं त्यांनी १९२८ सालचा व्हॅनिटी कोडॅक पाहावा. वॉल्टर डॉर्विन टीग या नामवंत रचनाकाराने तो पाच रंगांत काढला आणि रंगांना पक्ष्यांची नावं दिली. कॅमेरा काळा किंवा चंदेरीच असतो हा नियम निसर्गाचा नाही, सवयीचा आहे. अर्थात रंग निवडतानाही थोडं भान लागतं. जर्मन लष्करासाठी लायकाने ऑलिव्ह हिरवे एम-३ केले होते, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले करड्या रंगाचे लायका तीन-सी आहेत. त्या दोन्हींना संग्राहक भरपूर किंमत देतात. त्यामुळे लष्करी हिरवा आणि युद्धकालीन करडा हे रंगही काळ्याच्याच वर्गात बसतात. म्हणजे काळा वाईट आणि रंगीत चांगला असा सोपा नियम नाही. कारखान्याच्या एखाद्या दुर्मीळ आवृत्तीचा आव न आणणारा रंग चांगला, इतकाच नियम.

चौथा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. लाल असो की काळा, धड असलेलं क्रोम खरवडून काढणं हे परत न येणारं नुकसान आहे. पन्नासच्या दशकातलं साटिनसारखं मंद क्रोम आता त्या प्रतीचं कुणी करून देत नाही. म्हणून चांगल्या क्रोमला हात लावू नये. पण सगळे कॅमेरे त्या अवस्थेत नसतात. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी येते, क्रोमला बारीक छिद्रं पडतात आणि खालच्या पितळेला हिरवट कळंक चढतो. जुन्या त्साइस इकॉन कॅमेऱ्यांत तर रिव्हेटांवर चढलेल्या कळंकाने वरच्या चामड्याला टेंगळं येतात. कुठे टोपणाला पोचा असतो, कुठे जुन्या मालकाने खिळ्याने नाव कोरलेलं असतं. असा कॅमेरा, आणि तोही लाखांनी निघालेल्या जातीचा, हाच रंगकामाचा खरा मानकरी. पेंटॅक्स के-१००० हा १९७६ ते १९९७ या काळात तीस लाखांहून जास्त निघाला. त्यातले शेवटचे प्लास्टिकच्या टोपणाचे सोडले तर बाकी उत्तम धातूचे. निकॉन एफएम, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक हेही तसेच. यांना लाल, निळा, पिवळा, वाटेल तो रंग द्यावा. रंगासाठी कॅमेरा पूर्ण उघडतोच, तेव्हा शटरचा वेग तपासून, वाळलेलं वंगण काढून, प्रकाश अडवणारा कुजलेला फोम बदलून घ्यावा. कपाटात मरून पडलेलं यंत्र यामुळे पुन्हा फिल्म ओढू लागतं, आणि एका कारागिराला काम मिळतं. कॅमेरा चांगल्या अवस्थेत असेल आणि तरी वेगळा दिसावा असं वाटत असेल, तर नुसतं वेष्टणाचं चामडं बदलावं. ते परत काढता येतं.

आणि काळाच हवा असेल तर? तेही करावं, पण नोंद ठेवून. गाडीचा रंग बदलला की आरटीओत कळवून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती नसेल तर जुनी गाडी घेणारा शहाणा माणूस सौदा थांबवतो. कॅमेऱ्याला आरसी नसते, पण बेसप्लेट, म्हणजे तळाचं झाकण, असते. तिच्या आतल्या बाजूला, लायकात फिल्म भरताना प्रत्येक वेळी दिसेल अशा जागी, कारागिराने आपलं नाव, महिना, वर्ष आणि मूळ रंग कोरावा. टोपणाच्या आतल्या अंगालाही तेच कोरावं, म्हणजे बेसप्लेट बदलली तरी खूण उरते. चित्रकार चित्रावर सही करतो, मूर्तिकार मूर्तीवर करतो. इतकं नाजूक काम करणाऱ्या रंगकाराने निनावी का राहावं? त्याचं काम खरंच चांगलं असेल तर त्या सहीने कॅमेऱ्याची किंमत वाढेलच. ज्याला ही खूण नको असते, त्याला ती का नको आहे हे विचारायला हवं.

वाचकांपैकी कुणाच्या घरी वडिलांचा, आजोबांचा जुना कॅमेरा असेल आणि तो रंगवून घ्यायचा विचार असेल, तर चार गोष्टी करा. आधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, क्रमांकासकट. क्रोम धड असेल तर ते वाचवा. रंगवायचाच तर कारखान्याने न दिलेला रंग निवडा. आणि काम हाती देण्यापूर्वी कारागिराला सांगा की आतल्या बाजूला सही आणि तारीख घातल्याशिवाय कॅमेरा परत घेणार नाही.